बोटीची ओळ

मी एक तक्ता आहे. भिंतीवर टांगतात तो नव्हे, आणि पाढ्यांचा तर मुळीच नव्हे. बसगाड्यांचे वेळापत्रक आखण्यासाठी आगारात जे चौकटी छापलेले मोठे कागद येतात, त्यांपैकी मी एक. लांबीने पुरा टेबलाएवढा. माझ्या माथ्यावर दिवसाचे चोवीस तास छापलेले आहेत आणि प्रत्येक तासाचे बारा चौकोन पाडलेले आहेत. म्हणजे एक चौकोन पाच मिनिटांचा. डाव्या कडेला ओळी मोकळ्या सोडलेल्या. तेथे गाडीचा क्रमांक लिहावा आणि ती किती वाजता कोठे असेल ते रेषेने दाखवावे, एवढ्याचसाठी आमचा जन्म.

छापखान्यातून आम्ही शंभर जण एका गठ्ठ्यात बाहेर पडलो. माझ्या भावंडांनी गाड्या पळवल्या. कोणी शाळेच्या फेऱ्या सांभाळल्या, कोणी बाजाराच्या, कोणी इस्पितळाच्या. मी गठ्ठ्यात सर्वांत खाली होतो. वरचा एकेक भाऊ उचलला जाई, आणि माझ्या कोऱ्या अंगावरून काहीतरी धावावे या इच्छेने मी झुरत राही. एके दिवशी पाहतो, तर वर कोणीच उरले नव्हते. आणि नेमके त्याच दिवशी आम्हांला आखणारे गृहस्थ सेवानिवृत्त झाले.

आगारात आणि शेजारीपाजारीही त्यांना सारे ‘मिनिटराव’ म्हणत. समोर नव्हे, अर्थात. छत्तीस वर्षांत त्यांनी आखलेली एकही गाडी स्थानकावर उगाच उभी राहिली नाही. उभी गाडी दिसली की आखणाऱ्याची मान खाली जाते, असे ते म्हणत. त्यांचा आणखी एक नियम होता. आखणी आधी पेन्सिलीने करायची, तीन वेळा तपासायची आणि मगच शाई लावायची. शाई लागली की गाडी सुटलीच पाहिजे.

निरोपाच्या वेळी कारकुनाने माझी गुंडाळी त्यांच्या हाती दिली आणि म्हटले, “घ्या साहेब, शेवटचा तक्ता. आता घरी चहाच्या फेऱ्या आखा.”

सगळे हसले. मिनिटराव हसले नाहीत. पण त्यांनी मला काखेत धरले ते घरी पोहोचेपर्यंत सोडले नाही.

त्यांच्या घरात दोनच माणसे. पत्नी कपडे शिवून देत असत. खिडकीशी त्यांचे शिवणयंत्र आणि त्याला लागून कापड बेतायचे लांब टेबल. ते टेबल दुपारी चारनंतर मिनिटरावांना मिळे. तिसरे माणूस म्हणजे लेक. ती थायलंडमधल्या एका बेटावर राहत होती आणि लोकांना समुद्राच्या तळाशी उतरायला शिकवत होती. ती गेल्याला सहा वर्षे झाली होती, आणि या सहा वर्षांत ती वडिलांशी एक शब्दही बोलली नव्हती.

कारण मला त्या टेबलावरच कळले. लेकीने चांगली नोकरी सोडून हे काम पत्करले, तेव्हा वडील तिला म्हणाले होते, “वेळापत्रक सोडून गेलेली गाडी मी मोजत नाही.” लेक उंबऱ्यात क्षणभर थांबली आणि गेली. तेव्हापासून फोन येई तो आईला. वडील त्या वेळी हटकून वर्तमानपत्र वाचत, आणि पान मात्र उलटत नसत.

निवृत्तीच्या तिसऱ्या दिवशी पत्नी कात्री खाली ठेवून म्हणाल्या, “अहो, आता कुठलं आगार अडवतंय तुम्हाला? जाऊन येऊ या पोरीकडे. ती म्हणतेय, दोन खाटांची खोली घेतलीय.”

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला मिनिटरावांनी मला टेबलावर उलगडले, चार कोपऱ्यांवर चार जड वस्तू ठेवल्या आणि रेखीव अक्षरात लिहिले : घर ते बेट. त्याखाली चार ओळी मांडल्या. रस्ता. विमान. पुन्हा रस्ता. बोट.

मी मोहरून गेलो. भावंडांना बस मिळाली होती; मला विमान आणि बोट मिळत होती!

पहिल्या तीन ओळी महिनाभरात उभ्या राहिल्या. घर पहाटे सोडायचे, साडेसहाला विमान, तिकडच्या घड्याळाने दुपारी साडेबाराला उतरायचे, पाऊण तास सामान आणि तपासणीला, तेथून दोन तास मोटारीने धक्क्यापर्यंत. थोडी कुरबुर झाली ती घड्याळावरून. तिकडचे घड्याळ आपल्या पुढे चालते, हे मिनिटरावांना पटेना.

“न थांबता, न चालता वेळ गेला कुठं?” ते पुन्हा पुन्हा विचारत.

“सीटखाली पडला असेल,” पत्नी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. “उतरताना वाकून बघा.”

खरी अडचण बोटीच्या ओळीत होती. दिवसाची शेवटची बोट चार वाजता सुटे. धक्क्यावर पोहोचणार सव्वातीनला. म्हणजे पाऊण तास नुसते बसायचे. मिनिटरावांच्या जिवाला ते लागले. त्यांनी उशिराचे विमान धरले, तेव्हा हाती दहाच मिनिटे उरली आणि बोट चुकण्याची धास्ती वाटू लागली. पुन्हा आधीचे विमान धरले. इतक्यात खवळलेल्या समुद्राचे दिवस आले आणि बोटीच्या वेळा बदलल्या. त्यांनी ओळ खोडली. समुद्र शांत झाला आणि वेळा पुन्हा बदलल्या. ओळ पुन्हा खोडली.

अशी चार वर्षे गेली. खोडरबराने माझे अंग तेथे इतके झिजले, की उजेडाकडे धरले असते तर पलीकडचे दिसले असते.

“किनाऱ्यावर एक रात्र मुक्काम करू या ना,” पत्नी एकदा म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं जाऊ.”

“अख्खी रात्र? रिकामी?”

“रिकामी कशी? झोपू.”

“तसं आखत नाहीत.”

“मी कापड बेतते ना, तेव्हा शिवणीला दोन बोटं माया सोडते. नाही सोडली तर माणूस नुसतं वाकलं तरी झगा उसवतो. तुमच्या या तक्त्यात वाकायलासुद्धा जागा नाही.”

त्यावर मिनिटरावांनी पेन्सिलीला टोक काढले. वाद अंगावर आला की ते पेन्सिलीला टोक काढत. त्या चार वर्षांत पेन्सिली फार लागल्या.

मलाही वाटे, हा माणूस हटवादी आहे. मग एका संध्याकाळी पत्नी कपडे पोहोचवायला बाहेर गेल्या होत्या, आणि मला निराळेच दिसले. मिनिटरावांनी बोटीची रेषा बेटापर्यंत ओढली. रेषा संपली त्याच्या पुढच्या चौकोनात त्यांनी लिहिले : भेट, १० मिनिटे. मग ते खोडले. लिहिले : भेट, ३० मिनिटे. तेही खोडले. पेन्सिल हातात धरून ते कितीतरी वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहिले. धक्क्यावर लेक समोर उभी राहील. मग काय बोलायचे, कोणी आधी बोलायचे आणि किती वेळ गप्प राहायचे, हे त्यांना काही केल्या आखता येईना. त्या दिवशी मला कळले, की हे गृहस्थ बोट चुकण्याला भीत नाहीत. बोट मिळण्याला भितात. इतका मोठा माणूस, आणि पाच मिनिटांच्या एका चौकोनाने त्याला अडवून धरले होते. त्यानंतर मी त्यांच्यावर रागावलो नाही.

पण वाट पाहण्यालाही अंत असतो. त्या वर्षी समुद्र शांत झाल्यावर पत्नींनी एके दुपारी टेबलावरचे सारे कापड उचलले आणि माझ्यावर एक पाकीट ठेवले.

“हे काय?”

“तिकीट. तुमच्याच आखणीतलं, साडेसहाचं विमान. येत्या गुरुवारी.”

“अगं, पण बोटीच्या नव्या वेळा त्यापुढच्या सोमवारी जाहीर होणार आहेत!”

“होऊ देत.”

मिनिटरावांनी पाकीट उघडले. “एकच?”

“एकच.” पत्नींनी पाकीट परत घेऊन पिशवीत टाकले. “चार वर्षं विचारतेय, शाई कधी, शाई कधी. आता नाही विचारणार. तुम्ही तक्ता पुरा करा. मी पोरीला बघून येते.”

गुरुवारी पहाटे त्या गेल्या. दाराशी मिनिटराव एवढेच म्हणाले, “उतरल्यावर उजव्या हाताच्या दारानं बाहेर पड. मोटारी तिथंच मिळतात.” जणू काही ते रोजच तेथून येत-जात होते.

मग ते माझ्यासमोर येऊन बसले. पत्नीच्या डब्यातले एक पांढरे बटण त्यांनी घेतले, रस्त्याच्या ओळीवर ठेवले, आणि दर पाच मिनिटांनी एक चौकोन पुढे सरकवू लागले. काय सांगू तुम्हांला! चार वर्षांनी माझ्या अंगावरून कोणीतरी धावत होते. साडेसहाला बटण विमानाच्या ओळीत चढले. मिनिटराव जेवायला उठले नाहीत. बटण विमानातून उतरले, मोटारीत बसले, धक्क्यावर आले, आणि बरोबर चार वाजता बोटीच्या झिजलेल्या ओळीवर गेले. तेथे ते इतक्या हळू सरकवत होते, की कागद फाटेल याची भीती होती, की आणखी कशाची, ते मला सांगता येणार नाही.

बटण बेटापाशी पोहोचले आणि सहाच्या सुमारास फोन वाजला. बटणावरचे बोट न उचलता त्यांनी फोन माझ्यावर ठेवून आवाज मोठा केला.

“अहो, बोट चुकली,” पत्नी म्हणाल्या. “विमानच दोन तास उशिरा सुटलं. मी धक्क्यावर आले, तर बोट गेलेली.”

मिनिटराव ताडकन उभे राहिले. “तरी मी म्हणत होतो! आता कुठं बसली आहेस? एकटीच?”

“बाकावर बसलेय. एकटी नाही. ती आलीय.”

“कोण?”

“कोण म्हणजे? तुमची लेक. विमान सुटायला उशीर झालाय असं कळलं, तशी तीच इकडं येणाऱ्या बोटीत बसून आली. रात्री इथंच राहणार आम्ही दोघी. समोरच खोली मिळाली. थांबा, देते तिला.”

“नको, अगं, नको…”

पण फोनचा हातबदल झाला होता. पलीकडून पाण्याचा आवाज आला.

“बाबा.”

मिनिटरावांनी माझी कड घट्ट धरली. “उद्याची बोट कितीला आहे?” त्यांनी विचारले. दहा वर्षांनी तोंडातून निघालेला शब्द हा असा!

“सातला. मग दहाला. मग एकला. मग चारला. रोज असतात, बाबा.”

“ऋतूप्रमाणे वेळा बदलतात ना?”

“बदलतात. पण बोट येते. तुम्ही आला नाहीत.”

“आखणी… आखणी पुरी झाली नव्हती.”

“किती वर्षं आखताय?”

“चार.”

पलीकडे ती हसली की रडली, ते कळले नाही. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येते. मग ती म्हणाली, “कुठल्याही बोटीनं या. माझं कामच धक्क्यावर असतं, दिवसभर तिथंच असते मी. वेळ कळवू नका. नुसते या.”

फोन संपला. मिनिटराव उभ्याउभ्याच माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटले, आता ते बटण मागे घेतील, ओळ खोडतील आणि नव्याने आखतील. त्यांनी खोडरबर उचललेही. पण ते खिडकीत ठेवून दिले आणि तिकिटे काढून देणाऱ्या दलालाला फोन लावला.

“मी बोलतोय. पहिलं मिळेल ते विमान द्या… मध्ये कुठं थांबावं लागेल? सहा तास? चालेल… अहो, चालेल म्हटलं ना!”

दलाल त्यांना चार वर्षे ओळखत होता. नक्की कोण बोलतंय, असे त्याने पलीकडून विचारले असावे, कारण मिनिटराव चिडून म्हणाले, “मीच आहे. दुसरं कोण असणार?”

शनिवारी ते निघाले. एक लहानशी पिशवी घेतली. मग माझ्यापाशी आले, माझी एक कड उचलून गुंडाळू लागले. माझा ऊर भरून आला. बोट, पाणी, धक्का, जे जे माझ्यावर लिहिले आणि खोडले गेले, ते सारे आता मी पाहणार होतो. अर्धी गुंडाळी झाली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी मला पुन्हा उलगडले, तळहाताने सावकाश सपाट केले आणि म्हणाले, “तू राहा.” मला आजवर कोणी ‘तू’ म्हटले नव्हते. दाराला कुलूप लागले, आणि पावलांचा आवाज जिन्यावरून उतरून गेला.

त्यालाही आता पंधरा दिवस झाले. मी टेबलावर पसरलेला आहे. शेजारीण कुंड्यांना पाणी घालायला येते आणि तांब्या माझ्यावरच ठेवते; त्याचे एक ओले वर्तुळ विमानाच्या ओळीवर उमटले आहे. आज ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, “अहो, ते दोघं तिकडंच आहेत अजून. कधी परत येणार म्हणून विचारलं, तर मिनिटराव म्हणतात, ‘परतीचं काही ठरवलेलं नाही.’ मी म्हटलं, कोण बोलतंय, नीट सांगा!”

ती हसत हसत गेली. मी मात्र ते वाक्य दिवसभर उराशी धरून आहे.

माझ्या भावंडांवरून हजारो गाड्या धावल्या, आणि प्रत्येक गाडी कोणत्या घटकेला कोठे आहे हे त्यांना ठाऊक असे. माझ्यावरून एकच प्रवास घडला, आणि ती माणसे या क्षणी कोठे आहेत, हे मला सांगता येत नाही. वाळूवर बसली असतील, पाण्यात पाय सोडून बसली असतील, किंवा नुसतीच एकमेकांकडे पाहत असतील. समुद्र कसा असतो, ते मला कधीच कळणार नाही. तरीही खिडकीतून वारा आला की मी कडेने थोडा उचलला जातो, आणि पाण्यावर असेच होत असेल, असे मनाशी धरतो.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी कधी त्या बेटाच्या धक्क्यावर उतरलात, आणि बोटीची वाट न पाहता नुसतेच बसलेले एक वृद्ध गृहस्थ तुम्हांला दिसले, तर त्यांना माझा एक निरोप सांगा. म्हणावे, टेबलाची कोणाला गरज नाही, तक्ता सुखरूप आहे. घाई करू नका.