पुढचा अर्धा सिनेमा

राखेच्या बुधवारला दोनच दिवस उरले होते आणि क्लेमेंटीनचा जीव टांगणीला लागला होता. बुधवारपासून उपवासकाळ, मग ईस्टरपर्यंत निर्मळ गावातल्या त्यांच्या घरात सिनेमाचं नाव काढायची सोय नाही. तोवर वसईच्या थिएटरातला पिक्चर थोडाच थांबणार होता? लग्न झाल्यापासून ती आणि इग्नेशियस एकही चांगला पिक्चर सोडत नसत. पण आग्नेल झाला आणि पाच महिने पडद्याचं दर्शन नाही! एकदाच, अगदी शेवटपर्यंत खुर्चीत बसून सिनेमा बघायचा, एवढंच तिचं मागणं होतं.

पण अंगावर पिणारं पोर ठेवणार कुठे? सासूबाईंना विचारायची तिची छाती होईना. शेवटी इग्नेशियसनेच आईपुढे विषय काढला.

“तान्ह्या पोराला टाकून सिनेमा? शोभतं का?” मटिल्डाबाई कडाडल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “मी येते. बाहेर बसेन पोराला घेऊन. आत पाऊल टाकायची नाही, सांगून ठेवते!”

मंगळवारी दुपारी सगळी वरात एसटीने वसईला गेली. दिवे मालवले आणि क्लेमेंटीनला भरूनच आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या दोन्ही हातांना काही काम नव्हतं. पडद्यावर दोन भावंडांची आईपासून ताटातूट झाली, तशी ती पोटभर रडली. अहो, रडण्यातसुद्धा केवढं सुख असतं!

मध्यंतर होताच ती धावत बाहेर आली. बघते तर काय, आग्नेल खांद्यावर गाढ झोपलेला आणि मटिल्डाबाई दाराला कान लावून उभ्या.

“तिकडे उकडत होतं,” त्या गडबडून म्हणाल्या. पण राहवेना. “ती आई सापडली का गं पोरांना?”

क्लेमेंटीन बाकावर बसून पोराला पाजायला लागली. मटिल्डाबाई शेजारी टेकल्या. “इग्नेशियस तीन महिन्यांचा असताना मी गेले होते सिनेमाला. मध्यंतरालाच त्याने असा गळा काढला की उठून आले. पुन्हा कधी जाणंच झालं नाही. पुढे काय झालं, कुणी सांगितलंसुद्धा नाही.”

घंटा वाजली. क्लेमेंटीनचं मन आतच ओढ घेत होतं, खोटं कशाला बोला! पण पाच महिने दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसून आग्नेलला न्हाऊ घालणारी ही बाई. रागावत रागावत का होईना, बाळंतिणीला रोज गरम जेवण वाढणारी ही बाई. किती म्हणून उपकार मोजायचे? तिने आपलं तिकीट सासूबाईंच्या हातात कोंबलं.

“अगं, आणि तू?”

“मला तुम्ही येऊन सांगा. काही गाळायचं नाही हं!”

परतताना केळीच्या वाड्यांमधून चालता चालता मटिल्डाबाई हातवारे करून सांगत होत्या. भावंडं भेटली, खलनायकाने मार खाल्ला, आई बरी झाली आणि सगळे एका घरात सुखाने राहायला लागले.

“काय आई! ती म्हातारी तर शेवटी मेली,” इग्नेशियस म्हणाला.

“तुला डुलकी लागली असेल. पंचवीस वर्षांनी शेवट बघायला मिळाला तो काय कुणाला मारायला?”

“आई सांगतात तेच खरं,” क्लेमेंटीन म्हणाली. एवढा गोड शेवट तिने आजवर कुठल्या थिएटरात पाहिला नव्हता. तिने मनोमन देवाचे आभार मानले.

ईस्टर झाला. पुढच्याच रविवारी, चर्चमधली मिस्सा आणि जेवण आटोपल्यावर क्लेमेंटीन बघते तर मटिल्डाबाई चपला घालून दारात उभ्या.

“चल लवकर,” त्या म्हणाल्या. “आज पहिला अर्धा माझा. शेवट तू बघ, आणि कुणाला मारू नकोस.”