मलमाच्या चालीवर बाबा

काळावर माणसाची सत्ता चालत नाही, असं थोर तत्त्वज्ञ सांगून गेले. थोरच होते ते; पण त्यांच्यापैकी एकालाही पाठदुखीच्या मलमाची जाहिरात जेवणाच्या सुट्टीआधी ठरलेल्या वेळात बसवून द्यायची नव्हती.

टेलरला ते रोजचंच होतं. स्टुडिओचे मालक त्याला टेलर म्हणत, कारण आवाज कुठे सैल सोडायचा आणि कुठे आत घ्यायचा, हे त्याचं काम. गायिकेने 'आराम' आखडता घेतला असेल तर तो कॉम्प्युटरवर ताणायचा, आणि शेवटचं 'डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे' असं दाबून बसवायचा की ते कायद्याला ऐकू जावं, गिऱ्हाइकाला जाऊ नये.

"टेलर, झालं का रे मलम?" मालकांनी दारातून डोकावून विचारलं.

"झालं. आता घरचं जरा बघतोय."

"वडिलांचं ना? बघ, बघ." मालक तसे बरे होते. मयताच्या कामाला कधी नाही म्हणत नसत. फक्त आधी मलम संपवावं लागे.

घरचं म्हणजे वडिलांचा आवाज. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी रुग्णालयातून आईला फोन केला. आई आंघोळीला गेली होती, म्हणून निरोप बोलून ठेवला. तेवढाच आवाज मागे उरला. एरवी रेकॉर्डिंगला बसवावं, तर ते मुळात बसतच नसत. टेलरने निरोपामागची यंत्रांची घरघर साफ करून तो आईला दिला होता. आई रोज ऐकत होती. आज सकाळी ताईने तो पहिल्यांदा ऐकला आणि लगेच टेलरला फोन लावला.

"कुठल्या साधूला पकडून आणलंस रे?"

"ताई, बाबांचाच आवाज आहे तो."

"आवाज असेल! पण असे बोलायचे ते? जन्मात कधी वाक्याच्या मध्ये श्वास घेतला नाही त्या माणसाने."

टेलरने फाइल उघडली आणि त्याला घाम फुटला. आत टाकलेल्या आवाजाचा वेग आपणच ताडायचा आणि चालू कामाच्या वेगाशी जुळवून टाकायचा, ही त्या सॉफ्टवेअरची परोपकारी सवय. ती बंद करायला तो त्या दिवशी विसरला होता. तेव्हाही मलमच चालू होतं. वडील इतके दिवस मलमाच्या संथ चालीवर बोलत होते.

दुरुस्तीला एक टिचकी पुरली.

"ऐक गॅस बंद केलास का दाराची कडी नीट लाव माझी वाट बघत बसू नकोस जेवून घे कळलं का!"

टेलर खुर्चीतून उठून ताठ उभा होता. आपण कधी उठलो, ते त्याला आठवेना.

संध्याकाळी त्याने आईसमोर फोन धरला. "माझ्याकडून गडबड झाली होती, आई. हे खरे बाबा."

'कळलं का' येताच आई "हो हो, कळलं" म्हणत लगबगीने उठली, दाराशी गेली, कडीला हात घातला. मग तशीच थांबली. परत येऊन बसली तेव्हा तिला धाप लागली होती.

"हेच बोलले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी ऐकलं होतं ना मी."

"मग मी दिला तो ताणलेला आहे, हे कळलं होतं तुला?"

"न कळायला काय झालं? इतकी वर्षं काढली त्यांच्याबरोबर."

"बोलली का नाहीस मग?"

"काय बोलू? सगळ्या संसारात पहिल्यांदा 'जेवून घे' नीट ऐकू आलं. तोवर ते कडीसारखंच वाटायचं, एक हुकूम."

"अगं, पण ते खोटं आहे. मलमाच्या जाहिरातीचा वेग आहे तो!"

"असेना. मला गुण आला."

टेलरने हातातला फोन खाली ठेवला. वडिलांना कधी कुणी थांबवू शकलं नव्हतं. त्याने थांबवलं, ते चुकून. आणि ते गेल्यावर. आता खरे बाबा काढून घेतले, तर या घरात ते कुणालाच आठवणार नाहीत, असं त्याला वाटून गेलं.

"मग हा नको तुला?"

"ताईला दे. तिला भांडायला लागेल."

आईने तिचा तो संथ निरोप लावला. बाबा सावकाश बोलले, तिने जेवून घ्यावं म्हणाले, आणि संपले.

"लवकर संपतात," आई म्हणाली. "अजून थोडे ताणता येतील?"

"येतील. पण फार ताणलं की आवाज माणसाचा राहत नाही. पत्रा वाजल्यासारखा होतो."

आईने मटारची टोपली पुढ्यात ओढली.

"होऊ दे. एवढे सोलून होईपर्यंत पुरले, म्हणजे झालं."