तुळशीतला कोश

तुळशीचं लग्न जवळ आलं की आमच्या ह्यांच्या अंगात येतं. एरवी काडी इकडची तिकडे करायला सांगा, लगेच कंबर धरतील. पण तुळशीची कुंडी उपसायची, नवी माती भरायची, गेरू लावायचा, हे मात्र स्वतःच्या हातानं. रत्नागिरीहून पेणकरपाड्यात येऊन तीस वर्षं झाली. तळमजल्याच्या खोलीमागे आमची चार हात बाग आहे, तिथे हा सोहळा एकदाही चुकलेला नाही. यंदा चुकला असता तर मी पेढे वाटले असते.

त्याच चार हातांत मी पतंग ओळखते. सकाळी दिव्याखालच्या भिंतीवर चिकटून बसलेले असतात. मोबाइलवर फोटो काढायचा आणि उत्तनच्या डेन्झिलला पाठवायचा. तो कॉलेजात किड्यांचा विषय शिकवतो. माझ्या वहीत एकेचाळीस नावं आहेत. बेचाळिसाव्याची ओळ दोन वर्षं कोरी. तो एकदाच आला होता, पंख फाटलेले, फोटोही धूसर.

यंदा अळवावर शेपटीला काटा असलेली अळी दिसली. डेन्झिल म्हणाला, "आंटी, तोच असेल. पण अळीवरून नक्की नाय सांगता येणार. पतंग बाहेर आला की कळेल."

मी अळूवड्या बंद केल्या. हे रोज कुरकुरले. पोटभर खाऊन ती अळी एका सकाळी खाली उतरली आणि नेमकी तुळशीच्या कुंडीत शिरली. मातीत कोश केला. मी ह्यांना बोलले नाही. तुळशीत किडा म्हटल्यावर ह्यांनी तो त्याच पावली बाहेर फेकला असता. कुंडी दरवर्षी लग्नाच्या आदल्या दिवशी उपसतात, त्याआधी हळूच काढून ठेवू, असा माझा बेत.

आज बाजारातून आले तर कुंडी लालभडक आणि हे हात धूत होते.

"आजच केलंत?"

"उद्या सोसायटीची मीटिंग आहे."

"जुनी माती कुठाय?"

"गेटाबाहेर टाकली. का गं?"

पिशवी तिथेच टाकून मी गेटाबाहेर बसले आणि दोन्ही हातांनी ढीग उकरला. कोश सापडला. खुरप्यानं मधोमध कापलेला. आत पंख तयार होते, तपकिरी, त्यावर चंदेरी रेघा. एक-दोन दिवसांचाच प्रश्न होता. मी फोटो पाठवला. पाच मिनिटांत डेन्झिलनं नाव कळवलं. यावेळी खात्रीनं.

ह्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "मग झालं ना काम? नावच हवं होतं ना तुला?"

माझं डोकं फिरलं. "नाव काय चाटायचंय? मला तो उडताना बघायचा होता. दोन वर्षं वाट बघतेय मी. तुमच्या हाताला एक दिवस दम नव्हता?"

शेजारची शर्लिन खिडकीत आली. येऊ दे म्हटलं.

हे कापलेल्या कोशाकडे बघत राहिले. नखांत अजून गेरू होता. "सांगायचंस तरी," ते म्हणाले. "थांबलो असतो मी."

खरंच थांबले असते का, देव जाणे. पण मी सांगितलंच नव्हतं. ह्यांच्यावर ओरडून झालं होतं, आणि राग तर अजून तेवढाच होता. आत जाऊन वही उघडली. बेचाळिसाव्या ओळीवर पेन टेकवलं आणि तसंच उचललं.