पाहुण्यांसाठी पाणी

मेरिमने बाटली नाकाशी नेली, पुन्हा एकदा नेली, आणि गोंधळून बुरुलआपांकडे पाहिलं. पाण्याला वासच नव्हता.

दर हंगामात ती प्रयोगशाळेतून आमच्या गल्लीत यायची, आपांच्या अंगणात पुरलेल्या लोखंडी नळीचं झाकण उघडायची आणि जमिनीखालच्या पाण्याचा नमुना काढायची. दर वेळी रॉकेलचा भपकारा यायचा. त्या दिवशी मात्र काहीच नाही. ज्यांच्या पैशावर ही तपासणी चालायची ते पाहुणे राजधानी बिश्केकहून मुद्दाम आले होते. ते एकमेकांकडे बघून हसले.

"साहेब, तुम्ही घाई केलीत म्हणून बाटली तशीच भरली. आधी नळीतलं साचलेलं पाणी उपसावं लागतं," मेरिम म्हणाली. "मग जमिनीतलं खरं पाणी येतं. थोडा वेळ द्या, पुन्हा भरते."

जिल्ह्याच्या पाणी खात्याच्या साहेबांचं लक्ष गाडीकडे होतं. नदीकाठी तंबू ठोकून त्यांनी पाहुण्यांसाठी मेंढा कापला होता.

"मेंढा शिजून तयार आहे आणि तू उपसत बसणार? वास नाही तर नाही. बरं झालं म्हण."

बुरुलआपा दारात उभ्या होत्या. डोक्याला धुवट रुमाल, चेहऱ्यावर समाधान. पाहुणे खूश दिसले म्हणून त्याही खूश आहेत, एवढंच मला, शेजारणीला, वाटलं. मग त्या चहा टाकायला आत वळल्या.

आमची गल्ली जुन्या लष्करी विमानतळाच्या उताराला आहे. फौज गेली, विमानं गेली, इंधनाच्या टाक्या मात्र जमिनीखालीच राहिल्या. सडल्या, गळल्या. मग कुणीतरी त्या भंगारासाठी उकरून नेल्या. लोखंडाला गिऱ्हाईक होतं, भिजलेल्या मातीला नव्हतं. आमच्या हापशांना वास यायला लागला तेव्हा खात्याने आमच्याच नाकांना नावं ठेवली. नमुने तपासले गेले तेव्हा कुठे रोज सकाळी टँकर यायला लागला. म्हणजे आमचं पिण्याचं पाणी त्या बाटलीतल्या घाणीवर अवलंबून होतं. बाटली स्वच्छ निघाली की टँकर बंद, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

संध्याकाळी आपा माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत.

"अगं, मेरिम आज उपसायला थांबली नाही का?"

मी नाही म्हटलं, तशा त्या उंबऱ्यावरच टेकल्या. मग एकेक बाहेर आलं. नळीच्या झाकणाची किल्ली आपांकडेच असायची. पाहुणे येणार हे कळल्यापासून स्वतःचा चहा बंद करून त्या टँकरचं पाणी नळीत ओतत होत्या.

"बिश्केकची माणसं, माझ्या अंगणात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर पहिलंच पाणी नासकं निघालं असतं तर मी तोंड कुठे लपवलं असतं? मेरिम आधी सगळं उपसते, मगच बाटली भरते. मी इतक्यांदा पाहिलंय. खालची घाण तिला सापडलीच असती की."

मी आपांना ओळखत होते. आयुष्यभर त्यांनी दूध डेअरीत बाटल्या धुतल्या. आपल्या हातून गेलेल्या बाटलीला कधी वास आला नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. पोस्टमनसुद्धा त्यांच्या दारातून नान मोडल्याशिवाय आणि चहा घेतल्याशिवाय सुटत नसे. पाहुण्याला घाण पाणी दाखवायचं, हे त्यांच्या हाडातच नव्हतं.

पुढच्याच महिन्यात टँकर बंद झाला. पाणी शुद्ध असल्याचं खात्याने जाहीर केलं. मेरिमने हरकत घेतली, तर तिला डोंगरापलीकडच्या प्रयोगशाळेत पाठवून दिलं. आपा मला म्हणाल्या, चल, मी सांगते त्यांना. आम्ही दोघी जिल्ह्याला गेलो. साहेबांसमोर उभं राहून त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे सरकारी नळीत तुम्ही लुडबुड केलीत," साहेब म्हणाले.

"केली. चूक माझी आहे. पुन्हा बाटली भरून बघा, म्हणजे झालं."

"पुन्हा कसली भरताय? तपासणी संपली, आपा. पाहुणे समाधानाने परत गेले. आणि ही गोष्ट बाहेर बोललात तर खटला तुमच्यावरच होईल. वयाचा मान म्हणून सांगतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नळीत पाणी ओतलं ते एका म्हातारीने, भाबडेपणाने. पण ते उपसायचं टाळलं कुणी? तो मेंढा निवायला नको म्हणून आमच्या लेकराबाळांनी रॉकेल प्यायचं? मी हे सगळं बोलले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार दाखवलं. त्यानंतर आपा खालच्या गावातून कॅनने पाणी आणायला लागल्या, ते शेजारच्या तान्ह्या पोरासाठी. स्वतः काय पीत होत्या ते मी विचारलं, तर त्या कॅन उचलून चालू लागल्या.

उन्हाळ्यात साहेब दोन मजूर घेऊन आले, नळीत सिमेंट ओतून ती कायमची बुजवायला. काम व्हायला वेळ लागला नाही. उन्हाने सगळे घामेजले होते. सवयीने सगळे आपांच्या ओट्यावर टेकले, आणि आपांनीही सवयीनेच जेवणाचा दस्तरखान अंथरला, नान ठेवलं, चहाच्या पियाल्या मांडल्या. साहेबांनी नानचा तुकडा मोडला.

"चहा येऊ द्या, आपा. घसा कोरडा पडलाय."

"नान खा," आपा म्हणाल्या. "चहा नाही. माझ्या घरात पाणी नाही."

साहेबांनी हापशाकडे पाहिलं. हापसा अंगणातच होता, हाताच्या अंतरावर. मजुरांनी माना खाली घातल्या. इतक्या वर्षांत त्या घरात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं, आणि आपांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की त्यांनीही ते आज पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्या वाकल्या आणि दस्तरखानावरच्या स्वच्छ घासलेल्या पियाल्या एकेक करून पालथ्या घालत गेल्या.