मिसकॉलची पोच

खटकचिंचोळीहून निघताना नागूबाई लेकीला म्हणाली होती, "पोचलीस की मिसकॉल दे. न्हाईतर माझा जीव टांगणीला लागतोय बघ." मायलेकींचा हा जुना रिवाज. पोचणारीनं एक रिंग द्यायची, घरचीनं उलट एक द्यायची, की विषय संपला. आणि आलेला फोन कुणी मधेच तोडला, तर समजायचं, काहीतरी वंगाळ झालंय.

तेजश्री मिसकॉल द्यायचा साफ विसरली. जीपनं उशीर केला, आणि बसवकल्याणात मैत्रिणीच्या, श्रीदेवीच्या घरी पोचते तर तिथलं वायफाय सकाळपासून बंद. इकडं एम.टेक.च्या प्रवेशाची ऑनलाइन मुलाखत तोंडावर, आणि नेटवर्किंग शाखेची एकच जागा उरलेली. तिनं घाईघाईनं आपल्याच फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं. त्या जुनाट फोनची एक खोड होती. फोन वाजला की नेट गेलंच.

"नेटवरून पाठवलेल्या माहितीच्या पॅकेटची पोच आली नाही, तर पाठवणाऱ्यानं काय करावं?" सरांनी पहिलाच प्रश्न विचारला. तेजश्री तोंड उघडते तोच फोन वाजला. आई. पडद्यावरचे सर जागच्या जागी थिजले. तिनं झटक्यात फोन तोडला, आणि मग लक्षात आलं की आपण काय करून बसलो. आता आई थांबते होय?

परत जोडलं, दोन वाक्यं बोलली, परत फोन. मग लागोपाठच. आईचा असा राग आला की फोन भिंतीवर आपटावा. पुन्हा मुलाखतीत आली तेव्हा सर घड्याळाकडं बघत होते.

"तेजश्री, आता तुटलं तर आम्ही पुढच्या उमेदवाराला घेऊ."

घोकलेलं सगळं पळालं होतं. डोळ्यांपुढं फक्त आई होती, दारात बसून फोन लावत सुटलेली.

"सर, परत पाठवावं, पण दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून," ती म्हणाली. "माझी आई आत्ता उलटं करतेय. मी पोचल्याचं कळवलं नाही, म्हणून ती फोनवर फोन करतेय, आणि त्यानंच आपली वाट बंद पडतेय. सगळेच असं वागले तर अख्खं नेटवर्क बसेल. मी तिला एक रिंग देते. ती उलट एक देईल. तेवढ्यापुरती मी तुटेन, नंतर नाही."

परवानगीला न थांबता तिनं रिंग देऊन कट केली. श्रीदेवी दाराशी श्वास रोखून उभी. बराच वेळ काहीच नाही. मग एक रिंग आली, आणि थांबली.

ती परत आत आली तेव्हा सर तिथंच होते. "आईची ही शेवटची रिंग तुम्हाला मिळाली, हे आईला कसं कळणार?"

"नाही कळणार, सर. त्या रिंगचीही पोच द्यायची म्हटलं तर हे कधी संपायचंच नाही. कुणीतरी भरवसा ठेवून थांबावं लागतं." तिनं फोनकडं पाहिलं. "आई थांबलीय."

सर शेजारच्या मॅडमना म्हणाले, "यांना हॉस्टेल लागेल का, विचारून घ्या."

तेजश्रीनं फोन हातात घेतला. आता मात्र तिला वाटत होतं, आईनं आणखी एकदा फोन करावा.