पंपाची टिकटिक

नाथाजीचे कान गेले होते, हे त्याच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं फौजेच्या वर्कशॉपात, रणगाड्यांच्या इंजिनांशेजारी गेली. पेन्शनीत निघून साताऱ्याला आल्यावर एकेक आवाज गळत गेला. आधी पाखरं, मग कुकरची शिट्टी, मग बायकांचं बोलणं, शेवटी सगळ्यांचंच. बोलणं तो ओठांवरून ओळखायला शिकला.

"आवं, मशीन लावून घ्या की कानाला," अंबूबाई म्हणायची.

"मशीन लावलेल्या मिस्त्रीला कोण गाडी देईल गं?"

कारण त्याचं सगळं नाव कानावरच होतं. सांगलीच्या इंद्रजितकडं त्याच्या वडिलांनी हौसेनं पुन्हा उभी केलेली जुनी लाल एमजी होती. विलायती, दोन माणसांपुरती. तिला दोन कार्बोरेटर. दोघांनी हवा सारखीच ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. नाथाजी रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानाशी धरून दोन्हींची फुसफुस जुळवायचा. आता नळी कानाला लावायची ती लोकांनी बघावी म्हणून. खरं काम तो तळहातावर ओढ घेऊन आणि मीटरच्या काट्यावर नजर ठेवून करायचा. आणि गाडी बरोबर लागायची. कान गेले तरी काम गेलं नव्हतं. ते जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

खंडेनवमीला गाडीची पूजा म्हणून इंद्रजितनं त्याला बोलावून घेतलं. नाथाजीनं सकाळीच दोन्ही कार्बोरेटर खोलून, धुऊन, परत बसवले. त्यांच्या पेट्रोलच्या वाट्या आता कोरड्या होत्या. किल्ली फिरवली की मागचा पंप टिकटिक करत त्या भरतो आणि भरल्या की गप्प होतो. गप्प झाला नाही, तर पेट्रोल अडवणारी आतली सुई अडकली आणि पेट्रोल बाहेर सांडतंय असं समजायचं. टिकटिक ऐकू येईनाशी झाल्यापासून नाथाजी डिकीवर हात ठेवायचा. पंपाचे ठोके पत्र्यातून बोटांना कळायचे.

पूजेची तयारी झाली. बॉनेट झाकून वर झेंडूची माळ घातली. इंद्रजितची आई बयाबाई ताट घेऊन बाहेर आली.

"या मिस्त्री! माझी सवत न्हाऊनमाखून बसली बघा. ह्यांनी मला कवा एवढं नटवलं न्हाई."

"आई, ओवाळ आता सवतीला," इंद्रजित हसत आत बसला. "काकांना साताऱ्याची यष्टी गाठायचीय." त्यानं किल्ली फिरवली.

नाथाजी सवयीनं डिकीकडं वळला. बयाबाई हात हलवत पुढं आली.

"आवं, तिकडं कुटं? हात लावू नगा, कुंकू वलं हाय!"

डिकीवर नुकतंच काढलेलं स्वस्तिक होतं. तरीही हात ठेवायचा, तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. नाथाजी मागं फिरला. वाट्या भरायला एरवी जेवढा वेळ लागतो तेवढा त्यानं मनातल्या मनात मोजला, वर थोडा आणखी.

"काका, भरलं का?" इंद्रजितच्या ओठांवरून त्याला कळलं.

"भरलं. होऊ दे पूजा."

बयाबाईनं घंटा वाजवत ओवाळलं. पेट्रोलचा वास सकाळपासूनच होता, त्यात आता उदाचा मिसळला. फरशीचा उतार फाटकाकडं होता आणि गाडीचं तोंडही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर चढत नाही, जमिनीलगत सरकत जाते. चाकाखाली लिंबू ठेवायला बयाबाई खाली बसली आणि जळत्या कापराचं ताट तिनं शेजारी टेकवलं.

आग फरशीवरून आली. लुगड्यानं कधी पेट घेतला, कुणालाच दिसलं नाही. नाथाजीनं पोतं टाकून दोन्ही हातांनी तिला दाबून धरलं.

सांगलीच्या इस्पितळात, जळितांच्या वॉर्डाबाहेर, त्याच्या हातांना पट्ट्या होत्या. इंद्रजित समोर बसला होता.

"आईनंच ताट खाली ठेवलं. तिचाच हट्ट, गाडी ओवाळल्याबिगर चालू करायची न्हाई." मग तो नाथाजीकडं बघत बोलला. "पंप वाजत होता, काका. पूजाभर टिकटिक चालूच होती. मी ऐकत होतो. म्हटलं, काका हायती शेजारी. काय बिघडलं असतं तर बोलले असते."

शब्द न् शब्द नाथाजीला ओठांवरून कळला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मान हलवून गप्प बसता आलं असतं. दोन वर्षं तो तेच करत आला होता.

"मला ऐकू येत न्हाई, इंद्रजित," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. मी अंदाजानं बोललो."

इंद्रजित उठला आणि भिंतीकडं तोंड करून काहीतरी म्हणाला. बरंच काही. नाथाजीला फक्त त्याची पाठ हलताना दिसत होती. परत सांग, म्हणायची त्याची छाती झाली नाही.

दार उघडून नर्स बाहेर आली. ती इंद्रजितशी थोडंसंच बोलली. इंद्रजित भिंतीला घसरत खाली बसला.

नाथाजी पुढं झाला. इंद्रजितनं वर न बघता हात उचलून त्याला तिथंच थांबवलं.