माझा हिरवा दिवा खोटा होता

मित्रांनो, जुना तर मी आहेच, ते लपवून काय उपयोग? कचेरीतल्या जिन्याखाली एक कपाट आहे. त्यात झाडू आणि वाळलेल्या रंगाचे डबे आहेत, आणि त्यांच्याशेजारी मी आहे, चौदा वर्षांचा कॉम्प्युटर. दाराला बाहेरून कडी आहे. पण दाराची फळी पातळ आणि तडकलेली, त्यामुळे खोलीतलं बोलणं मला सगळं ऐकू येतं आणि फटीतून दिसतंही.

या कचेरीत लिफ्ट चालवायचे प्रोग्रॅम लिहितात. माणसाने लिहिलेलं लिफ्टला थेट कळत नाही, ते यंत्राच्या भाषेत उतरवावं लागतं. उतरवणाऱ्याला कंपायलर म्हणतात. माझ्या पोटात असे तिघे भाऊ आहेत. धाकटा नव्या लिफ्टचा, मधला त्याआधीच्या लिफ्टचा आणि थोरला अगदी जुन्या लिफ्टचा. कोणी प्रोग्रॅममधलं एक अक्षर जरी बदललं, तरी मी तो तिघांकडून उतरवून घेतो आणि सगळ्या चाचण्या करून बघतो. तिघेही पास झाले तर भिंतीवरचा दिवा हिरवा. एक जरी नापास झाला तरी लाल.

ही सगळी घडी इथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईंनी बसवली. तेव्हा त्या नोकरीत अगदी नव्या होत्या. आठ दिवस जमिनीवर मांडी घालून माझ्यापुढे बसल्या होत्या. थोरला काही केल्या ऐकेना. तो वापरायचा परवाना माझ्याच हार्डवेअरशी बांधलेला, दुसरीकडे तो चालतच नाही. "म्हाताऱ्या, तू आणि हा आता जन्माचे सोबती," असं ताई हसून म्हणाल्या. मला ते लाडाचं वाटलं. पुढे माझ्या बरोबरीचे कॉम्प्युटर एकेक करून सुटले, मला मात्र बंदही करता येईना, तेव्हा कुठे त्याचा अर्थ कळला.

पण सुरुवातीची वर्षं फार कौतुकाची गेली हो! लाल दिवा लागला की चहा अर्धा टाकून माणसं उठायची. "म्हाताऱ्याने पकडलं बरं का," असं एकमेकांना सांगायची.

पाच महिन्यांपूर्वी ताईंनी प्रोग्रॅममध्ये एक बदल केला. लिफ्ट किती वेळ चालू आहे, ते आधी मिनिटांत मोजत, ते सेकंदांत मोजायला लावलं. मी माझी दहा तासांची चाचणी घेतली. धाकटा पास, मधला पास, थोरला नापास. बिचाऱ्याचं माप तोकडं! बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढचा आकडा त्याच्यात मावत नाही. तिथे मोजणी एकदम शून्याखाली घसरते आणि लिफ्ट असेल तिथे थांबते. मी लगेच लाल दिवा लावला.

कचेरीचे साहेब घाईत होते. "अहो, तासाभरात हे सगळीकडे पाठवायचंय. जुन्या लिफ्ट राहिल्यात तरी किती? आजच्यापुरतं काहीतरी करा."

ताईंनी मान खाली घालून एक ओळ लिहिली. थोरला नापास झाला तरी धरू नये.

मित्रांनो, ते आजच्यापुरतं पाच महिने चाललं. कपाटाच्या कडीने मला कधी इतकं कोंडलं नव्हतं. रोज चाचणी घ्यायची, रोज थोरल्याला पडताना बघायचं आणि रोज हिरवा दिवा लावायचा. मला बोलता येतात ते दोनच शब्द, त्यातला एक काढून घेतलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच!

मग एक दिवस लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बोलावून घेतलं. साहेबांनी त्यांच्यापुढे एक पत्र सरकवलं.

"काही महिने झाले, तुमच्याकडच्या तिन्ही जुन्या इमारतींत लिफ्ट अडकते. काल एक गरोदर बाई पाऊण तास आत होती. आमचा प्रोग्रॅम पास आहे, तो बघा हिरवा दिवा. म्हणजे चूक तुमच्या हाताची. सही करा, उद्यापासून येऊ नका."

"साहेब, अठ्ठावीस वर्षं हेच काम करतोय," मिस्त्री म्हणाले. "वायर न् वायर तपासली. लिफ्ट सकाळी आठला चालू होते आणि बरोबर पाच वाजून सहा मिनिटांनी थांबते. वायर काय घड्याळ बघून सैल होते होय?"

"मग दिवा काय खोटं बोलतो?"

बोलतो! बोलतो! मी आत पंखा गरगर फिरवला. त्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

मिस्त्री म्हणाले, "तपासणीचा कागद दाखवा. वाचल्याशिवाय सही करायची मला सवय नाही."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"कळेल तेवढं कळेल."

ताईंनी बारा पानं छापून दिली. मिस्त्री उभ्यानेच ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. अकराव्या पानावर बोट थांबलं.

"'जुनी लिफ्ट, दहा तासांची चाचणी. नऊ तास सहा मिनिटांनी नापास. धरू नये.' ताई, सकाळच्या आठात नऊ तास सहा मिनिटं मिळवली की किती वाजतात हो?"

ताई ते पान बघायला पुढे झाल्या.

"पाच वाजून सहा मिनिटं," ताई म्हणाल्या. "ती ओळ मी लिहिली. लिहिली आणि विसरून गेले. मिस्त्रींची काही चूक नाही."

"मॅडम, हे आपण नंतर बोलू," साहेब म्हणाले.

"नंतर नाही. आधी ते पत्र फाडा."

साहेबांनी पत्र फाडलं. ताईंनी ती ओळ खोडली आणि भिंतीवर लाल दिवा लागला. मला इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू! दुपारपर्यंत मोजणी पुन्हा मिनिटांवर आणली आणि थोरला पास झाला. मी अजून कपाटातच आहे, बाहेर कडी आहे, परवाना आहे तोवर मला सुटका नाही. त्याचं आता काही वाटत नाही.

मित्रांनो, कोणी नापास सांगत असेल तर त्याचं तोंड बंद करू नका, आजच्यापुरतंसुद्धा नाही. सगळं संपल्यावर मिस्त्री खुर्चीत बसले होते. ताईंनी त्यांना पाणी दिलं. पण ते प्यायले नाहीत, नुसते आपल्या हातांकडे बघत राहिले.

"पहिल्या महिन्यात मी घरी सांगायचो, चूक माझी नाही," ते म्हणाले. "नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, असेल माझीच."